लाइव्ह लोड

हल नावाचं गाव. नांगराशी संबंध नाही.
गढूळ नदी, तिच्यावर सपाट आभाळ,
आणि जमीन अशी की टाच रोवली तर पाणी वर येतं.
इथे ग्रंथालय उभं करायचं म्हणून
आम्ही चोवीस मीटर खाली गेलो.
चिकणमाती, कुजकट पीट, पुन्हा चिकणमाती,
मग एकदाचा ड्रिलला पांढरा गाळ लागून आला.
खडू.
इथल्या कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.
मी मात्र बोटावर घेतला
आणि हेल्मेटच्या आत 'श्री' काढला.
दुपारपर्यंत घामानं पुसून गेला.

आर्किटेक्ट ऑर्मरॉड प्रकाशाबद्दल बोलायचा.
उत्तरेची काच, मधली पोकळी,
जिना असा वळेल की चढताना नदी दिसेल, उतरताना माणसं.
माझ्या वाट्याला वजन.
भरलेल्या फळीचा एक मीटर म्हणजे पस्तीस किलो.
सात फळ्या, दोन्ही अंगांना,
रांगेमागे रांग,
आणि वर एखादा जाडजूड शब्दकोश कुणीतरी आडवा ठेवणारच,
तोही धरला.

आमच्या भाषेत काँक्रीट, पोलाद, काच हे डेड लोड.
जे येतं-जातं, उचलता येतं, ते लाइव्ह.
पुस्तकं लाइव्हमध्ये मोडतात.
हे मी सांगलीला शिकले, उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या वर्गात.
तिथेच ती गोष्टही ऐकली:
कुठल्याशा विद्यापीठाचं ग्रंथालय दरवर्षी इंचभर खचतं,
कारण इंजिनिअर पुस्तकं धरायला विसरला.
गोष्ट खोटी आहे. दर कॉलेजात सांगतात.
तरी तीन वर्षं ती उशाशी घेऊन झोपले.

म्हणून चौथ्या मजल्याचा स्लॅब
मी मुद्दाम किंचित फुगवून ओतला.
मधोमध वीस मिलिमीटर वर.
पुस्तकं आली की बसेल खाली, होईल सपाट.
ओझं घ्यायच्या आधी हमाल पाठ जरा ताठ करतो, तसा.

मग समितीचं पत्र आलं.
पुस्तकं शहराबाहेरच्या गोदामात राहतील,
मागणी केली की दोन दिवसांत मिळतील.
चौथ्या मजल्यावर सोफे. प्लगपॉइंट.
कुंडीत एक झाड, त्यालाही नाव: मॉरिस.
फरशी उघडीच ठेवली, नुसती घासलेली,
ऑर्मरॉडला काँक्रीट दिसायला हवं होतं.
फुगवटा तसाच राहिला.
कुणाच्या लक्षात आला नाही.
माझ्या पावलांना दरवेळी कळतो.

यंदाच्या जानेवारीत गॅसची बिलं दुप्पट झाली
आणि सोफे सकाळी नऊलाच भरू लागले.
एडना येते, कोट न काढता विणत बसते,
नवरा ट्रॉलरवर होता एवढंच सांगते.
बूट उशाला घेऊन झोपणारा एक माणूस असतो.
जोसलिन त्याला उठवत नाही,
फक्त घोरायला लागला की ट्रॉली जोरात ढकलते.

आणि रेबीन, वय नऊ, घरी कुर्दी, इथे पक्का हलचा,
जमिनीवर पालथा पडून चित्रं रंगवतो.
त्याचं स्केचपेन घरंगळलं.
त्यानं आणून ठेवलं. पुन्हा घरंगळलं.
"तुमची जमीन वाकडी आहे," तो मला म्हणाला,
जणू त्याला माहीत होतं कुणाला सांगायचं.

मी म्हटलं, वाकडी नाही, वाट बघतेय.
कशाची?
पुस्तकांची.
किती?
मी आकडा सांगितला. त्यानं ओठ चावला.
मग दप्तरातून ऑक्टोपसवरचं एक पुस्तक काढून
बरोबर मधोमध ठेवलं
आणि पेन सोडलं.

घरंगळलं. घरंगळणारच होतं.
तरी मी पावतीच्या पाठीवर गणित मांडलं,
गाळा, जाडी, ऑक्टोपस धरून चारशे ग्रॅम.
दशांश चिन्हापुढे शून्यं, शून्यं, आणखी शून्यं,
पावतीची कड संपत आली
तेव्हा कुठे एक तीन आला.

तो त्याला दाखवणार, तेवढ्यात दिवे एकदा मिचकले,
बंद व्हायला दहा मिनिटं.
रेबीननं पुस्तक उचललं, दप्तरात कोंबलं.
गुरुवारी परत करायचं होतं त्याला.